हिरड्यांच्या उपचाराचा क्लेम : अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी गेली बारा वर्षं बिलिंगचं काम करते. मराठी शाळेच्या वर्गाबाहेर, गणपतीत आरती झाल्यावर, कुणाच्या बारशाला गेले तरी एक जण हळूच बाजूला घेतो आणि फोनवरचं इन्शुरन्सचं पत्र दाखवतो. "बघा ना ताई, डीप क्लीनिंगला साफ नाही म्हणालेत." हिरड्यांच्या उपचाराचा क्लेम जितका अडतो तितका दुसरा कुठलाच अडत नाही, आणि पुष्कळदा तो आजारामुळे नव्हे, कागदामुळे अडतो. म्हणून तेच ते प्रश्न एकदा नीट लिहून काढले. इथले नियम बहुतेक प्लॅनना लागू पडतात, पण शेवटचा शब्द तुमच्या स्वतःच्या प्लॅनच्या पुस्तिकेचा.

दर सहा महिन्यांची क्लीनिंग फुकट होत होती. आता त्याच कामाचे आठ-नऊशे डॉलर कसे?

काम तेच नाही. नेहमीची क्लीनिंग, म्हणजे कोड डी १११० (बिलावर प्रत्येक कामाला असा ठरलेला कोड असतो), ही निरोगी तोंडासाठी असते. तीत हिरडीच्या वरचं कीटण आणि डाग काढतात. प्लॅन तिला प्रतिबंधक उपचार मानतो आणि बहुधा पूर्ण पैसे देतो. हिरडी दातापासून सुटली, खाली कीटण साचलं, हाड झिजायला लागलं की त्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. त्यावर मुळांपर्यंत जाऊन, बहुतेक वेळा भूल देऊन, सफाई करावी लागते. हीच डीप क्लीनिंग. हा रोगावरचा उपचार झाला आणि तो तोंडाच्या चार भागांप्रमाणे वेगवेगळा लावला जातो. त्या भागाला इथे क्वाड्रंट म्हणतात: वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा, खालचा उजवा. चार भाग म्हणजे चार ओळींचं बिल.

मला तर काहीच दुखत नाही. दवाखाना उगाच बिल फुगवत नाही हे कसं कळावं?

प्रश्न रास्त आहे, विचारायला संकोचू नका. हिरड्यांचा आजार बहुतेक काळ दुखत नाही, म्हणूनच तो उशिरा कळतो. खुर्चीतून उठण्याआधी तीन गोष्टी मागा: "माझे पॉकेटचे (दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीच्या खोलीचे) आकडे दाखवा, एक्स-रेत हाड कुठे झिजलंय ते बोट ठेवून दाखवा, आणि कुठल्या दातांवर हा उपचार करणार ते सांगा." चांगला डॉक्टर किंवा हायजिनिस्ट (दातांची सफाई आणि मोजणी करणारी व्यक्ती) पाच मिनिटं देऊन हे आनंदानं दाखवतो. दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि जमलं तर हिरड्यांच्या तज्ज्ञाचं, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टचं. इन्शुरन्सही शेवटी हेच तीन पुरावे मागणार आहे.

ते "तीन-दोन-तीन, पाच-चार-सहा" असं काय म्हणत असतात?

याच आकड्यांवर सगळा क्लेम उभा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हायजिनिस्टच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई असते. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद उतरवून खोली मोजतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी: बाहेरून तीन, आतून तीन. २८ दात असतील तर १६८ आकडे, सगळे एका तक्त्यात. आमच्याकडे हायजिनिस्ट एकटीच असली की मी शेजारी स्टुलावर बसून कीबोर्डवर टिपून घेते. "तीन नंबर, बाहेरून: पाच, तीन, सहा. मागे रक्त." हे "मागे रक्त" मी टिपायचं विसरले, तर कागदावर ते रक्त आलंच नाही.

१ ते ३ मिलिमीटर साधारणपणे निरोगी समजतात. ४ पासून काळजी सुरू होते. बऱ्याच कंपन्या डीप क्लीनिंगसाठी किमान ४ मिलिमीटरचं पॉकेट मागतात, काही ५ चा आग्रह धरतात. हा आकडा कंपनीचा नियम आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या कोडच्या व्याख्येत असा मिलिमीटरचा आकडा नाही.

खोलीशिवाय त्या तक्त्यात रक्त कुठे आलं, हिरडी किती खाली सरकली, दात हलतो का, दाढेच्या मुळांच्या बेचक्यात सळई शिरते का, हेही असायला हवं. वर तारीख हवी. वर्षापेक्षा जुना तक्ता बहुतेक ठिकाणी चालत नाही, काहींना सहा महिन्यांच्या आतला लागतो.

माझे आकडे तीनच आहेत, पण दात लांब दिसायला लागलेत. क्लेम बसेल का?

इथे बऱ्याच जणांवर अन्याय होतो. हिरडी खाली उतरली की पॉकेट उथळ मोजलं जातं, पण दाताचा आधार गेलेलाच असतो. समजा पॉकेट ३ मिलिमीटर आणि हिरडी ४ मिलिमीटर खाली सरकलेली. दोन्ही मिळून ७ मिलिमीटर आधार गेला. तक्त्यात हिरडी सरकल्याचा रकाना रिकामा ठेवला, तर इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासणाऱ्याला फक्त ३ दिसतात आणि तो क्लेम नाकारतो. तुमच्या तक्त्यात तो रकाना भरलाय का, ते जरूर बघा.

एक्स-रे तर पाठवला होता, तरी "पुरावा अपुरा" का म्हणतात?

कुठला एक्स-रे पाठवला ते विचारा. पूर्ण जबड्याचा गोल फिरून काढलेला एक्स-रे अक्कलदाढेसाठी छान, पण दोन दातांमधल्या हाडाची उंची त्यात नीट कळत नाही. हिरड्यांसाठी लागतात ते तोंडात पट्टी चावून काढलेले छोटे एक्स-रे, म्हणजे बाइटविंग, किंवा पूर्ण तोंडाची मालिका. हाड फार खाली गेलं असेल तर उभे बाइटविंग काढावे लागतात, नाहीतर हाडाची कड चित्राबाहेरच राहते. निरोगी माणसात ही कड दाताचा वरचा भाग संपतो तिथून साधारण दीड-दोन मिलिमीटरवर असते.

एकदा आमचा एक क्लेम दोनदा परत आला. फाइल उघडून पाहिली तर एक्स-रे स्वच्छ, हाडाची झीज ढळढळीत, पण चित्रावर ना तारीख, ना डावं-उजवं. दोन्ही लिहून पुन्हा पाठवला आणि तिसऱ्या आठवड्यात पैसे आले. ज्यांचा तो क्लेम होता, त्या बाईंनी मधले दोन महिने उरलेला अर्धा उपचार थांबवून ठेवला होता. ते मला फार लागलं.

इतके कोड आहेत, माझ्या बिलावर कुठला हवा?

डी ४३४१ : एका क्वाड्रंटमध्ये चार किंवा जास्त दातांना मुळांपर्यंत सफाई. डी ४३४२ : तेच काम, पण एक ते तीन दातांना. तक्त्यात दोनच दातांचे आकडे वाढलेले आणि बिलात डी ४३४१, असं असलं की क्लेम परत येणारच, आणि यायलाच हवा.

डी ४३४६ हा २०१७ पासून आलेला कोड. हिरड्या बऱ्याच ठिकाणी सुजलेल्या, रक्त येतंय, पण हाड शाबूत, अशा तोंडासाठी. सुजेमुळे हिरडी वर फुगते आणि पॉकेट ४-५ मोजलं जातं, म्हणून काही दवाखाने डी ४३४१ लावून मोकळे होतात. एक्स-रेत हाड झिजलेलं नसेल तर तो क्लेम टिकत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजलेल्या मुलींच्या बाबतीत हा गोंधळ मी अनेकदा पाहिलाय.

डी ४३५५ : कीटण इतकं की तपासणीच करता येत नाही, म्हणून आधी मोठा थर काढून टाकायचा आणि सविस्तर तपासणी दुसऱ्या दिवशी करायची. त्याच दिवशी सविस्तर तपासणीचं बिल लावलं तर दोन्हीत विसंगती येते.

शस्त्रक्रियेचे कोड वेगळे: हाडाला आकार देण्यासाठी डी ४२६० आणि डी ४२६१. तिथे आधी सफाई झाली, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं आणि तरी पॉकेट उरलं, हे कागदावर दाखवावं लागतं.

डॉक्टरांनी "गरज आहे" असं पत्र दिलं तर पुरत नाही का?

नाही. "रुग्णाला डीप क्लीनिंगची आवश्यकता आहे" या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. तो तुमचं तोंड कधीच पाहणार नाही, त्याच्यासमोर फक्त स्क्रीन असते. मी आमच्या डॉक्टरांकडून साधारण असा मजकूर घेते, अर्थात इंग्रजीत:

"वरचा उजवा भाग, दात क्रमांक २, ३, ४, ५. पॉकेट ५ ते ७ मिलिमीटर, सर्व ठिकाणी रक्तस्राव. बाइटविंगमध्ये २ आणि ३ यांच्यामध्ये हाडाची झीज व हिरडीखाली कीटण दिसते. रुग्णाला मधुमेह, एचबीए१सी ७.८. निदान : पेरिओडॉन्टायटिस, स्टेज ३, ग्रेड सी. भूल देऊन मुळांची सफाई, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी."

पेरिओडॉन्टायटिस म्हणजे आपला पायोरिया. स्टेज आणि ग्रेड हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणातले शब्द. स्टेज १ ते ४ म्हणजे नुकसान किती झालं, ग्रेड ए ते सी म्हणजे ते किती वेगानं वाढतंय. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ किंवा वर असेल, किंवा दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी असतील, तर ग्रेड सी धरतात. आपल्या लोकांत मधुमेह घरोघरी आहे, पण दातांच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर "इथे कशाला" म्हणून तो लिहायचं टाळतात. कृपया लिहा. काही प्लॅन मधुमेही आणि गरोदर सदस्यांना जास्तीच्या क्लीनिंगही देतात, फोन करून विचारलं तरच कळतं.

शेवटी माझ्या खिशातून किती जाणार?

एक उदाहरण मांडून दाखवते. समजा कंपनीनं एका क्वाड्रंटला मान्य केलेला दर २२० डॉलर. चार मिळून ८८०. डिडक्टिबल, म्हणजे प्लॅन सुरू होण्याआधी तुम्ही भरायची रक्कम, ५० वजा केलं की ८३०. प्लॅन ८० टक्के देत असेल तर ६६४ त्यांचे, २१६ तुमचे.

आता यात खाच कुठे? प्लॅनला वर्षाची कमाल मर्यादा असते, बरेचदा १,००० ते २,००० डॉलर. मर्यादा १,००० ची असेल आणि मार्चमध्ये बसवलेल्या कॅपनं ४५० खाल्ले असतील, तर उरले ५५०. मग त्याच बिलात तुमचा वाटा ३३० होतो. शिवाय काही प्लॅन हिरड्यांचा उपचार "मेजर", म्हणजे मोठ्या कामांच्या गटात टाकून ५० टक्केच देतात, आणि नव्या प्लॅनला सहा-बारा महिने थांबण्याची अट असू शकते. एफएसए किंवा एचएसए (उपचारांसाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायची खाती) यांचे पैसे या उपचाराला चालतात, म्हणून डिसेंबरात एफएसए वाया जाऊ देऊ नका.

उपचाराआधी मंजुरी घ्यावी का?

घ्यावी, विशेषतः चारही क्वाड्रंट किंवा शस्त्रक्रिया असेल तर. तक्ता, एक्स-रे, मजकूर आधीच पाठवतात आणि कंपनी लेखी अंदाज देते. मात्र ही पैशांची हमी नसते. मधल्या काळात मर्यादा संपली किंवा नोकरी सुटली तर आकडा बदलतो.

क्लेम नाकारला. आता?

पहिलं म्हणजे पत्रातलं कारण शब्दशः वाचा. "माहिती अपुरी" आणि "निकषात बसत नाही" यांत फरक आहे. पहिल्यात कागद जोडून पुन्हा पाठवायचं, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. दुसऱ्यात रीतसर अपील.

नोकरीतून मिळालेला प्लॅन असेल तर बहुधा एरिसा हा केंद्रीय कायदा लागू होतो. त्यानुसार अपिलाला नकाराच्या पत्रापासून किमान १८० दिवस मिळतात, आणि तुमच्या क्लेमशी संबंधित कागदपत्रं तुम्हाला विनाशुल्क मागता येतात. त्यांनी कुठला निकष लावला तेही मागा. अपील तपासणारा माणूस पहिल्यांदा नाकारणाऱ्यापेक्षा वेगळा असावा लागतो. प्लॅनचा पैसा तुमची नोकरीची कंपनी स्वतः भरते की इन्शुरन्स कंपनी, हे एचआरला विचारून ठेवा. इन्शुरन्स कंपनीचा असेल तर राज्याच्या विमा विभागाकडेही तक्रार करता येते.

अपिलात रागाची दोन पानं नकोत. निकषाची एक ओळ, त्यासमोर तुमच्या तक्त्यातले आकडे, दातांचे क्रमांक, एक्स-रेची तारीख. अर्ध्या पानाचं अपील जिंकलेलं मी पाहिलंय.

आणि अपिलाचा निकाल येईपर्यंत उपचार अडवून ठेवू नका. दवाखान्याशी हप्त्यांचं बोला. पैसे मागाहून परत मिळू शकतात, झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

डीप क्लीनिंग झाली, मग पुढच्या क्लीनिंगलाही पैसे का?

कारण आता ती डी ४९१०, म्हणजे हिरड्यांची देखभाल. साधारण दर तीन महिन्यांनी. कंपन्या ती देण्याआधी आधीच्या डीप क्लीनिंगच्या तारखा पाहतात, आणि वर्षाला दोनच देणाऱ्याही आहेत. काही कंपन्या हिचे पैसे नेहमीच्या क्लीनिंगच्या दरानं देतात, वरचा फरक तुमच्यावर येऊ शकतो.

गाव बदललंत, दवाखाना बदललात तर इथेच अडतं. नव्या दवाखान्याकडे जुन्या तारखा नसतात. जुन्या दवाखान्याकडून तक्ता, एक्स-रे आणि क्वाड्रंटनिहाय तारखा मागून घ्या. हिपा या रुग्णांच्या माहितीविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार साधारण ३० दिवसांत त्यांनी द्यायला हवं. प्रतींचा माफक खर्च ते घेऊ शकतात, पण जुनं बिल थकलंय म्हणून रेकॉर्ड अडवता येत नाही.

डीप क्लीनिंग स्वतः त्याच क्वाड्रंटला बहुधा २४ किंवा ३६ महिन्यांत एकदाच मिळते. चारही क्वाड्रंट एकाच दिवशी केले तर काही कंपन्या शंका घेतात, दिवसाला दोनच मान्य करतात. ते आधी विचारा.

लेझर किंवा पॉकेटमध्ये भरायचं औषध, यांचे पैसे मिळतात का?

कोड कामाला असतो, यंत्राला नाही. म्हणून लेझर वापरला तरी वेगळा कोड मिळत नाही. औषधाचा कोड डी ४३८१, दर दाताला. बऱ्याच कंपन्या ते डीप क्लीनिंगच्या दिवशीच केलं तर देत नाहीत, सफाईनंतरही ५ मिलिमीटर किंवा जास्त उरलं तरच विचार करतात. आधी लेखी अंदाज घ्या.

नव्या वर्षाची मर्यादा मिळावी म्हणून दवाखान्याला सांगून तारीख जानेवारीची टाकली तर? किंवा माझा वाटा सोडून दिला तर?

उपचारच जानेवारीत केला तर काहीच हरकत नाही. दोन क्वाड्रंट डिसेंबरच्या अखेरीस, दोन जानेवारीच्या सुरुवातीला, असं डॉक्टरांच्या सल्ल्यानं अनेक जण करतात. पण झालेल्या कामाची तारीख बदलणं ही फसवणूक आहे. तुमचा वाटा घ्यायचाच नाही आणि कंपनीला पूर्ण दर दाखवायचा, हेही तसंच. आमच्याकडे ओळखीतून अशी विनंती येते तेव्हा मी नाही म्हणते, आणि त्यामुळे एक-दोन ओळखी दुरावल्याही. हप्ते मात्र आम्ही मनापासून करून देतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, हिरड्यांतून रक्त येतंय. व्हिजिटर इन्शुरन्स चालेल?

बहुतेक व्हिजिटर प्लॅन अचानक उठलेल्या दुखण्यापुरती किंवा अपघातापुरती थोडी रक्कम देतात. पायोरिया हा जुना आजार धरला जातो, त्यामुळे डीप क्लीनिंग बसत नाही. दंतमहाविद्यालयांचे दवाखाने इथे स्वस्त पडतात, वेळ मात्र जास्त जातो. आई-बाबा ग्रीन कार्डवर असून मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळत असेल, तरी मूळ मेडिकेअर नेहमीचे दातांचे उपचार देत नाही. खाजगी मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅनमध्ये दातांचा भाग असू शकतो.

पुण्याला जाऊन उपचार करून आलो, बिल इथे लावता येईल का?

काही प्लॅन देतात, काही परदेशात फक्त तातडीचा उपचार मानतात. जाण्याआधी लेखी विचारा. बिल तपशीलवार हवं: कुठल्या दिवशी, कुठल्या दातांवर, काय केलं, किती रुपये. सोबत तक्ता आणि एक्स-रे.

आणि दातांचे क्रमांक! भारतात १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. अमेरिकेत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. तिकडचा १६ इथे ३ होतो, तिकडचा ३६ इथे १९. क्रमांकाऐवजी दाताचं पूर्ण नाव लिहून आणा, नाहीतर काढलेल्या अक्कलदाढेची सफाई केल्याचं बिल इथे पोचतं.

आम्ही पुण्यातून अमेरिकन दवाखान्यांचं बिलिंग रात्रपाळीत करतो. फोनवर नेमकं काय विचारावं?

"पेरिओ (हिरड्यांचे उपचार) कव्हर आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. डी ४३४१ किती टक्के आणि बेसिकमध्ये की मेजरमध्ये, दर क्वाड्रंटला किती महिन्यांत एकदा, दिवसाला किती क्वाड्रंट, मागची तारीख कधीची, किती मिलिमीटरचा निकष, डी ४९१० आणि डी १११० यांची संख्या एकत्र मोजतात की वेगळी, वर्षाची किती मर्यादा उरली. उत्तर देणाऱ्याचं नाव, तारीख आणि कॉलचा संदर्भ क्रमांक रुग्णाच्या नोंदीत त्याच क्षणी टाका. सहा महिन्यांनी कंपनी "असं आम्ही म्हटलंच नव्हतं" म्हणाली की मी पहिल्यांदा तो क्रमांक शोधते.